नानांचा कुत्रा तीन महिने शेल्टरमध्ये ठेवावा का? (डोंबिवली)

शेवग्याची_शेंग

मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

माझे वडील (नाना, वय ७८) डोंबिवलीत एकटे राहतात. एकटे म्हणजे ते आणि भीम्या. भीम्या गावठी, तांबूस रंगाचा, नऊ वर्षांचा. आई गेली त्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडला होता. मागच्या आठवड्यात नाना बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने वॉकर. मी पुण्यात भाड्याने राहते आणि मालकाने करारातच प्राणी चालणार नाहीत असं लिहून घेतलंय. भाऊ नाशिकला, पण वहिनीला दमा आहे. सध्या शेजारच्या काकू दार उघडून दोन वेळा दूधभात ठेवतात. बाहेर न्यायला त्या घाबरतात. मग भीम्या पॅसेजमध्येच शू करतो. त्यावरून सोसायटीचं पत्र आलंय: कुत्र्याला लिफ्ट बंद, आणि पंधरा दिवसांत त्याची 'व्यवस्था' करा.

नातेवाइकांचं एकच म्हणणं, शेल्टरमध्ये नेऊन सोडा, तिथे सोबतीला शंभर कुत्रे असतात, मजेत राहील. तीन महिन्यांपुरतं घेतात का? पैसे किती? आणि परत देतात ना? नाना हॉस्पिटलमधून फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न भीम्याने खाल्लं का, माझी चौकशी नंतर. त्यांना काय सांगू?

घावन_चटणी

शेल्टरपेक्षा बोर्डिंग बघा. आमच्या लॅब्रेडॉरला आम्ही गावी जाताना ठेवतो, दिवसाला सहाशे घेतात, जेवण धरून. व्हॉट्सॲपवर रोज फोटो पाठवतात. फक्त तीन महिन्यांचा हिशोब केला तर डोळे पांढरे होतील. आणि गावठी म्हटलं की काही जण नाक मुरडतात, तेही आधी विचारून घ्या.

परळकर_मावशी

शेंगताई, आधी नाना कसे आहेत? खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं मनाने खचतात, माझ्या सासूबाईंचं पाहिलंय. भीम्याचं जे काही ठरेल ते नानांच्या तब्येतीशी जोडलेलं आहे, एवढं धरून पुढचं वाचा. लांबलचक होणार आहे.

मी मुंबईतल्या एका शेल्टरच्या फोनवर बसते. पगारी नाही, निवृत्त झाल्यावर वेळ होता म्हणून सुरू केलं. माझ्या टेबलावर येणारे निम्मे फोन तुमच्यासारखेच: 'आमचा कुत्रा घ्या.' कारणं ठरलेली. बदली झाली. सून गरोदर आहे आणि कोणीतरी सांगितलंय की मांजर घरात नको. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घराचा मालक कुत्रा नको म्हणतो (हे हल्ली फार वाढलंय, दादर-परळपासून थेट मुलुंडपर्यंत). आणि म्हातारं माणूस आजारी पडलं किंवा गेलं. यातले कुत्र्याला कंटाळलेले लोक मला फार कमी भेटतात. बहुतेकांना ठेवायचं असतं, पण अडचणीतून वाट दिसत नसते.

आता शंभर कुत्र्यांच्या सोबतीचं. नातेवाइकांना एकदा सकाळी अकराला आमच्याकडे पाठवा. आवारात आहेत ते अपघातात कंबर मोडलेले, जखमेत किडे पडलेले, डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराने झटके येणारे, पार्व्होच्या विषाणूने रक्ताची हगवण लागलेली पिल्लं. ती वेगळ्या खोलीत ठेवतो, बाहेर पडताना बूट जंतुनाशकात बुडवतो, तरी धास्ती असतेच. नऊ वर्षं सोफ्यावर झोपलेला कुत्रा इथल्या पिंजऱ्यात आला की आधी खाणं सोडतो. मग भिंतीकडे तोंड करून बसतो. तरुण पिल्लाला घर मिळतं, दत्तक शिबिरात पांढरं पिल्लू असेल तर रांग लागते. नऊ वर्षांच्या तांबड्या गावठीला कोण विचारतं? 'तीन महिन्यांनी नेतो' म्हणून ठेवून गेलेल्यांचे फोन नंबर पुढे बदललेले असतात. तुम्ही तशा नाही, पण आम्हाला कपाळावर वाचता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी सरळ नाही म्हणतील. तो नकार ऐकून शेल्टरवाल्यांना माणुसकी नाही वगैरे वाटू देऊ नका.

पण 'घेणार नाही' म्हणजे 'मदत करणार नाही' असं नाही. आमचं निम्मं काम आवाराबाहेर चालतं आणि ते लोकांना माहीतच नसतं.

उदाहरण देते. आमच्या भागात एक भजीवाला आहे, त्याची कुत्री काळू. तिला मागच्या बाजूला गाठ आली, रक्त ठिबकायला लागलं. गिऱ्हाईक तुटायला लागलं तसं त्याने तिला पोत्यात घालून आणलं, म्हणाला ठेवून घ्या. डॉक्टरांनी पाहिलं, तो संभोगातून पसरणारा ट्यूमर होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांत सर्रास होतो आणि व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाच्या इंजेक्शनने बहुतेक वेळा बराही होतो, फक्त दर आठवड्याला एक असं चार-सहा आठवडे न चुकता यावं लागतं. खाजगीत तो खर्च त्याला झेपला नसता. आम्ही म्हटलं, औषध आमचं, आणणं-नेणं तुझं. आला बिचारा दर बुधवारी, हातगाडी भावाच्या ताब्यात देऊन. काळू त्याच्याकडेच आहे. शेवटच्या इंजेक्शनला नसबंदीही करून टाकली, कानाला खूण केली. ठेवून घेतली असती तर एक पिंजरा अडला असता आणि भजीवाल्याची कुत्री गेली असती.

तुमच्या बाबतीत काय करता येईल ते सांगते, सुचेल तसं.

सगळ्यात निकड फिरवण्याची आहे. डोंबिवलीत रात्री रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणारी मंडळी प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांत सापडतात. वॉचमन, दुधवाला, मेडिकलवाला, कोणालाही विचारा 'कुत्र्यांना घालणारी ताई कोण', नाव मिळेल. या लोकांचं आणि शेल्टरचं जाळं असतं. यातलीच एखादी मुलगी सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं भीम्याला खाली नेईल. कॉलेजच्या पोरांना थोडे पैसे द्या, संकोच करू नका. दूधभात मात्र थांबवा, पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. पोट बिघडलं तर पॅसेजमधली भानगड आणखी वाढेल.

सोसायटीचं पत्र. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५मध्ये पाळीव प्राण्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात स्पष्ट आहे: सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. काठी-वॉकरवर चालणाऱ्या म्हाताऱ्या मालकांच्या वकिलीसाठी आम्ही शेल्टरच्या लेटरहेडवर पत्र देतो, सोबत त्या सूचनांची प्रत. पण ताई, पत्र देताना पॅसेज फिनाईलने पुसून, काकूंच्या हाती पेढे देऊन मग द्या. त्याच सूचनांत मालकाने घाण साफ करावी, पट्टा लावावा हेही आहे. सेक्रेटरीला कायद्याने गप्प केलं तरी नाना पुढे त्याच जिन्यात राहणार आहेत.

आणि हो, कंटाळून कोणी त्याला कल्याणच्या पुढे हायवेला सोडून यायचं सुचवलं (सुचवतात!), तर तो गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा, कलम ११. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जास्त झाली, आकडा तोच. पन्नास रुपयांत आता दोन वडापाव आणि वर एक कटिंग. त्यामुळे कायद्याचा धाक कोणाला घालू?

बाकी उद्या. इथे लाईट गेलेत.

वाशिष्ठीकाठ

मावशींशी शंभर टक्के सहमत. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१चा पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. आमच्या मागच्या आळीतल्या एक आजी पहिल्या मजल्यावर पाणी शिरलं तरी होडीत बसेनात, कारण होडीवाला म्हणाला कुत्रा नाही घेणार. शेवटी एका पोराने कुत्रा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला तेव्हा आजी उतरल्या. लोक म्हणाले, म्हातारीला कुत्रा जिवापेक्षा मोठा. पण खरं तर जीव वाचवायला आलेल्याने कुत्र्याची सोय केली तर माणूस लवकर हलतं, एवढंच आहे ते. पाणी ओसरल्यावर प्राण्यांचे डॉक्टर आले, त्यांनी गुरांबरोबर कुत्र्या-मांजरांनाही तपासलं. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला कोणीतरी 'तुमचं जनावर बरं आहे ना' असं विचारणं फार मोठं वाटतं. विषयांतर झालं, क्षमस्व.

ह्यूस्टनचा_बाळू

विषयांतर नाही. अमेरिकेत २००५च्या कतरिना वादळात नेमकं हेच झालं. कुत्र्या-मांजरांना बसमध्ये घेत नाहीत म्हणून लोक घर सोडेनात. पुढच्याच वर्षी, २००६मध्ये, कायदा झाला की राज्यांच्या आपत्ती आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोयही हवी. मी इथे शनिवारी शेल्टरमध्ये कुत्रे फिरवायला जातो. इथे कुत्रा सोडायला आलात तर बऱ्याच ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते आणि पहिला प्रश्न असतो, कशाची मदत मिळाली तर ठेवाल? कोणाला खाणं परवडत नाही, त्याला फडताळातून पिशवी देतात. कोणाला ऑपरेशन आहे, त्याचा कुत्रा महिनाभर स्वयंसेवकाच्या घरी जातो. आमच्याकडे एक आजोबा किमोथेरपीच्या काळात आपली मांजर अशी ठेवून गेले आणि परत घेऊनही गेले.

पण इथलं सगळं गोड नाही, उगाच भारून जाऊ नका. जागा संपली की धडधाकट कुत्र्यांनाही इंजेक्शन देऊन मारणारी शेल्टरं इथे आजही आहेत. म्हणून तर दारातच अडवून विचारतात.

रोखठोक_राणे

सगळं ठीक आहे, पण माझ्या पुतण्याला दोन महिन्यांपूर्वी क्लासवरून येताना भटका कुत्रा चावला. पाच इंजेक्शनं. तेव्हा कोणतं शेल्टर आलं नाही विचारायला. पाळणाऱ्यांना मदत, भटक्यांना बिस्किटं, आणि आम्ही काय करायचं?

परळकर_मावशी

राणे, प्रश्न रास्त आहे. चिडचिडही रास्त. पुतण्याचा पाचवा डोस, २८व्या दिवसाचा, झालाय ना? पुष्कळ घरांत तिसऱ्यानंतर कंटाळा करतात, म्हणून विचारते. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: चावलं की आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही, आणि थेट दवाखाना. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत रेबीजचं सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्यायचं.

'आम्ही काय करायचं' याचं उत्तर मी गोव्याकडे बोट दाखवून देते. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या पशुसंवर्धन खात्याबरोबर वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लशी टोचल्या. जे हाती लागत नाहीत त्यांना जाळीत पकडून. पाळलेले आणि भटके असा भेद केला नाही, कारण विषाणू करत नाही. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असा हिशोब आहे. शाळांतून मुलांना शिकवलं की कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. २०२१मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. म्हणजे तुमच्या पुतण्यासाठी शेल्टरने करायचं काम चावण्याच्या आधीचं आहे. ते तुमच्या वॉर्डात नीट होत नसेल तर नगरसेवकाला आणि आम्हालाही धारेवर धरा, मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त 'उचलून लांब सोडा' म्हणू नका. २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून, लस टोचून कुत्रा त्याच जागी परत सोडायचा असतो. उचललेल्याच्या जागी आठवड्यात दुसरा येतो, बिनलशीचा.

मुंबईला हा वाद नवा नाही बरं. १८३२मध्ये इंग्रज सरकारने भटके कुत्रे मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशांनी दंगल केली होती. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ काढला. १८७४मध्ये इथली प्राणी क्रूरता निवारण संस्था, मग परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. आम्ही परळकर त्याला आजही बैलघोडाच म्हणतो. लहानपणी आमच्या चाळीतला टांगेवाला घोड्याला तिथे न्यायचा आणि आम्ही पोरं मागे मागे. टांगेवाल्याचा घोडा बरा करणं म्हणजे त्याच्या घरची चूल पेटती ठेवणं, हे तेव्हाही कळत होतं. बाळू म्हणतो ते अमेरिकेतलं नवं वाटतं, पण आमच्या केसपेपरच्या रांगेत ते जुनंच आहे. आता घोड्यांऐवजी कुत्री, मांजरी, पोपट.

शेंगताई, कालचं राहिलेलं.

माझं मत, भीम्या घरातच राहू दे. नाना घरी येतील तेव्हा रुग्णसेवेसाठी ब्युरोची बाई ठेवाल. बाई आली, कुत्रा बघितला, दुसऱ्या दिवशी आली नाही, हे आम्ही इतक्या घरांत पाहिलंय! म्हणून बाई ठरवतानाच 'घरात कुत्रा आहे' सांगा आणि पहिल्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी बोलवा. आम्ही भीम्याला पट्ट्यात धरून बाईंच्या हातून बिस्किट देतो. त्याला बाई खाऊवाल्या वाटायला लागतात, बाईंना तो चावत नाही हे दिसतं. अर्ध्या तासाचं काम आहे, त्याने महिन्याचा प्रश्न सुटतो.

वॉकर ही खरी भीती. कुत्रा माणूस आलं म्हणून आनंदाने पायात येतो आणि माणूस पुन्हा पडतं. नानांच्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते जाळीचं फाटक लावा. भीम्याला नाना दिसतील, वास येईल, पण ते उठले की मध्ये फाटक. बसलेले असताना उघडायचं. तीन महिने पट्टा नानांच्या हातात द्यायचा नाही, ते कितीही म्हणाले तरी.

हे नाहीच जमलं, तर फॉस्टर. म्हणजे आमच्या यादीतल्या कोणाच्या तरी घरी काही आठवडे. पैसे लागत नाहीत, खाणं आणि औषध तुमचं. त्याचं अंथरूण, लशीचं पुस्तक आणि नानांचा न धुतलेला बनियन सोबत द्या. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. नव्या घरात पहिल्या आठवड्यात दार फटीएवढं उघडं दिसलं की कुत्रा सुटतो आणि आपल्या जुन्या घराकडे धावतो. आमच्याकडे हरवल्याचे जे फोन येतात त्यात हे फार.

आणि एक कटू गोष्ट, रागावू नका. नाना अठ्ठ्याहत्तर, भीम्या नऊ. कोण आधी जाईल सांगता येत नाही. नाना शुद्धीवर, बोलते आहेत तोवर त्यांनाच विचारा, तुमच्यानंतर भीम्या कोणाकडे? आम्ही हल्ली वय झालेल्या मालकांकडून दोन नावं लिहून घेतो. रडतात, पण लिहिल्यावर मोकळे होतात. मी माझ्या मांजरीसाठी लिहून ठेवलंय.

शेवग्याची_शेंग

मावशी, वाचून दाखवलं नानांना, शेवटचं सोडून. मग त्यांनीच विचारलं 'पुढे काय लिहिलंय', म्हणून तेही वाचलं. त्यांनी लगेच वॉचमनच्या मुलाचं नाव घेतलं. म्हणाले, तो लहानपणापासून भीम्याला ओळखतो, माझ्याआधी त्यानेच त्याला जिन्याखाली पाहिलं होतं. आम्हा भावंडांचं नाव दुसरं पण नाही! भाऊ जरा फुगलाय.

मेडिकलवाल्याकडून खाऊ घालणाऱ्या ताईंचा नंबर मिळाला, त्या उद्यापासून सकाळी येतील. संध्याकाळी वॉचमनचा मुलगा. सोसायटीच्या पत्राचं तुमच्याकडून होईल का? आणि भात बंद तर मग घालू काय? रोज चिकन काकूंच्या स्वयंपाकघरात चालणार नाही, त्या माळकरी आहेत.

राणे, तुमच्या पुतण्याला लवकर बरं वाटो.

परळकर_मावशी

भात बंद नाही, दूध बंद. भातात उकडलेला भोपळा, गाजर आणि दोन अंडी. अंडीही चालत नसतील तर दही आणि शिजवलेली मुगाची डाळ, तात्पुरतं. मीठ, कांदा, लसूण काही नाही, द्राक्षं-मनुका तर अजिबात नाहीत, प्रसादाच्या शिऱ्यातल्यासुद्धा. खाऊ घालणाऱ्या ताई तसंही कोंबडीचे पाय उकडून नेत असतील, त्यातलं भीम्याच्या वाट्याचं त्यांच्याकडूनच येऊ दे, पैसे देऊन टाका.

पत्रासाठी सोसायटीच्या पत्राचा फोटो मला निरोपात पाठवा. भीम्याची रेबीजची लस शेवटची कधी झाली तेही, तारखेसकट. वर्ष उलटून गेलं असेल तर आधी ती टोचून घेऊ, मगच पत्र देते. बिनलशीच्या कुत्र्यासाठी मी सेक्रेटरीशी भांडणार नाही.

रोखठोक_राणे

पाचवा डोस राहिलाय. उद्या नेतो.